शिळं होणारं पंचांग

नैऋत्य कुठली, असं कुणीतरी विचारणार म्हणून मी मोबाइलवर होकायंत्र उघडून ठेवलं होतं. त्याची गरज पडली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच हात केला, "ही काय, बेडरूमची दिशा. आणि ईशान्य म्हणजे देवघर." वास्तुशास्त्राचा मला पटलेला हा एकमेव उपयोग. उपदिशा शाळेत कुणाच्या डोक्यात शिरल्या नाहीत, फ्लॅट घेताना मात्र सगळ्यांच्या पाठ झाल्या.

मार्गशीर्ष लागला होता. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्या आणि कुणीतरी काढायला विसरलेल्या चादरी यांच्या मधल्या जागेत आम्ही नऊ जण उभे होतो. त्यात दोन शाळकरी मुलं, कानटोपी घातलेले एक आजोबा आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला आलेले वॉचमनकाका. सात वाजून चार मिनिटांची वेळ होती. बरोबर चारला समोरच्या इमारतीच्या कठड्यावर, मूठभर उंचीवर, एक फिकट ठिपका दिसला. (हात लांब करून मूठ धरली की ती आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. या छंदाला लागणारं एवढं एकच उपकरण देवाने प्रत्येकाला दिलेलं आहे.)

"इमान आहे ते," आजोबा म्हणाले.

विमान नव्हतं. लाल-हिरवं काही लुकलुकत नव्हतं आणि आवाजही नव्हता. ठिपका वर चढू लागला तसा उजळत गेला, इतका की शहराच्या धुरकट उजेडातही त्याच्यापुढे बाकीचं आकाश विझल्यासारखं वाटू लागलं. वर येताना त्याने वेग घेतल्याचा भास होतो. खरं तर त्याचा वेग तोच असतो, आपल्यापासूनचं अंतर कमी झालेलं असतं. क्षितिजावर मूठभर उंचीवर असतं तेव्हा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आपल्यापासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर असतं, पार अरबी समुद्रावर. डोक्यावर येतं तेव्हा जेमतेम सव्वाचारशे किलोमीटरवर. म्हणजे पुणेकराला त्या घटकेला नागपूरपेक्षा ते जवळ असतं.

भाद्रपदेचा चौकोन तेव्हा माथ्यावर होता, शहरात जेमतेम दिसणारा. स्थानक त्यातून निघालं आणि देवघराच्या दिशेला उतरायला लागलं. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेग. पुणे-मुंबई अंतर वीस सेकंदांत, घाटात न अडकता. खाली ईशान्येला ब्रह्महृदय नुकतंच वर आलं होतं. त्याच्या थोडं वर स्थानक पोचलं आणि पिवळसर पांढऱ्याचं तांबूस झालं, मग राखेतल्या निखाऱ्यासारखं, मग काहीच नाही. ढग नव्हता, इमारत आडवी आली नव्हती. मोकळ्या आकाशात ते मधेच विझलं.

सगळे गप्प होते. वॉचमनकाका वणीकडचे. ते म्हणाले, "लाइन गेली वाटते."

विदर्भात वीज गेली की असंच म्हणतात. मी गेली कित्येक वर्षं लोकांना हा प्रकार समजावून सांगते आहे, पण इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. खरोखरच लाइन जाते. स्थानक स्वतः प्रकाशत नाही, आपल्याला दिसतो तो त्याच्या पत्र्यांवर आणि सौरपंखांवर पडलेला सूर्यप्रकाश. आपल्याकडे सूर्य मावळलेला असतो, पण सव्वाचारशे किलोमीटर उंचीवर तो अजून मावळायचा असतो. मग स्थानक पुढे पूर्वेकडे, पृथ्वीच्या सावलीत शिरतं. शिरताना त्याच्यावरचा उजेड वातावरणाच्या कडेतून गाळून आलेला, म्हणून तांबूस. ते निखाऱ्यासारखे तीन-चार सेकंद म्हणजे तिथल्या माणसांचा सूर्यास्त असतो आणि तो आपण गच्चीवरून पाहतो. सौरपंखांची वीज बंद होते, बॅटऱ्या चालू होतात. ब्याण्णव-त्र्याण्णव मिनिटांच्या प्रत्येक फेरीत सुमारे पस्तीस मिनिटं ते बॅटरीवर असतं.

"म्हंजे इन्व्हर्टर हाय," काका म्हणाले आणि व्हॉल्व्ह बंद करायला गेले.

०००

उपग्रह रात्रभर दिसत नाहीत, याचंही कारण हीच सावली. मध्यरात्री आपल्या डोक्यावरचं सगळं जवळचं आकाश सावलीत बुडालेलं असतं. आपण अंधारात आणि उपग्रह उन्हात, ही वेळ संध्याकाळी सूर्यास्तानंतर आणि पहाटे सूर्योदयाआधी येते. महाराष्ट्राच्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ उभा बुडतो, आपली संधिकाळाची चैन छोटी असते. डोक्यावरून जाणारं स्थानक सूर्यास्तानंतर साधारण सव्वा ते दीड तासापर्यंतच उजळलेलं असतं, पुढे नाही. इंग्लंडात जूनमध्ये सूर्य क्षितिजाखाली जेमतेम डुबकी मारतो, त्यामुळे तिकडच्या लोकांना ते एका रात्रीत चार-पाचदाही दिसतं. आपल्याला एकदा, फार तर दोनदा. आणि आपला जून म्हणजे पावसाळा.

पावसाळ्यावरून आठवलं. शुभांशु शुक्ला २६ जून २०२५ला स्थानकावर पोचले. तिथे पाऊल ठेवणारे ते पहिले भारतीय. राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले ते सोव्हिएत साल्यूत-७ वर. शुक्लांनी स्थानक सोडलं १४ जुलैला. मधल्या काळात मला जितके फोन आले तितके वीस वर्षांत आले नसतील. "आपला माणूस वर आहे, कधी दिसेल?" आणि वर आषाढ! सह्याद्रीवर ढगांचा नुसता खच. ६ जुलैला आषाढी एकादशी झाली, पंढरपूर चिंब भिजलं असेल, वर आपला माणूस दिवसाला साडेपंधरा फेऱ्या मारतोय आणि खाली आपण छत्री घेऊन गच्चीवर. एका पहाटे मला ढगांच्या फटीतून दोन सेकंद काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. ते स्थानकच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. सुनीता विल्यम्स यांच्या वेळी नशीब बरं होतं. त्या जून २०२४ मध्ये आठवडाभरासाठी म्हणून गेल्या आणि मार्च २०२५ पर्यंत राहिल्या, त्यामुळे आपल्याला अख्खा हिवाळा मिळाला. त्या मुक्कामात आमच्या काकू स्थानकाला "सुनीता" म्हणायच्या. "सुनीता आज किती वाजता?"

०००

तर, किती वाजता. या छंदातलं खरं मर्म मला या प्रश्नातच वाटतं. दिसणं त्यानंतरचं.

आकाशातलं काय केव्हा कुठे असेल ते आधी सांगणं ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण घरोघरी खिळ्याला टांगलेलं असतं. त्या परंपरेत एक सुंदर शब्द आहे, दृक्प्रत्यय. गणिताने काढलेलं डोळ्यांना दिसलं पाहिजे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टकं' १८६० मध्ये तयार केली, ती जुनी गणितं आकाशाशी जुळेनात म्हणून. पुढे त्यांचे विद्यार्थी असलेले टिळकही पंचांगाच्या शुद्धीसाठी भांडले. ग्रहण पंचांगातल्या वेळेला लागलं नाही तर पंचांग चूक, आकाश नव्हे, एवढी सरळ कसोटी होती.

स्थानकाचंही पंचांग आहे. दोन ओळींचं, प्रत्येक ओळीत ६९ अक्षरं-आकडे. पंचकार्डांच्या जमान्यात ठरलेला हा साचा अजून चालतो. कक्षा विषुववृत्ताला किती कललेली, किती लंबगोल, दिवसाला किती फेऱ्या आणि ही माहिती नेमक्या कोणत्या क्षणाची, हे सगळं त्यात. प्रत्येक उपग्रहाला एक क्रमांक असतो, स्थानकाचा २५५४४. मला माझ्या गाडीचा नंबर अडखळत आठवतो, हा मात्र झोपेतही सांगेन. मोबाइलमधली ॲप्स याच दोन ओळी घेतात, तुम्ही उभे आहात ती जागा घेतात आणि सांगतात: सात चार, नैऋत्य, कमाल उंची ८१ अंश.

पण या पंचांगात एक खोट आहे आणि ती मला भाऊबीजेला महागात पडली.

माहेरची सगळी मंडळी आली होती. तीन आठवड्यांपूर्वी मी दिवाळीतल्या वेळा काढून एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून लिफ्टच्या फळ्यावर लावल्या होत्या. भाऊबीजेला ६:५२, कमाल उंची ७० अंश, म्हणजे उत्तमच. गच्चीवर सतरंज्या घातल्या, चकल्या-लाडू वर नेले, शेजारच्या विंगमधलेही आले. ६:५२ झाले. ६:५५. सातला वहिनी म्हणाली, "तुमचं स्टेशन एसटीसारखं निघालं हो, वन्सं." भाचरांनी मोबाइल काढले. सातच्या सुमारास सगळे उतरले, मीही सतरंजीच्या घड्या घालायला लागले. ७:०३ला सहज मान वर केली तर ते डोक्यावर होतं. झळझळीत, निवांत, अकरा मिनिटं उशिरा. बघायला मी आणि वॉचमनकाका दोघंच. खाली हाका मारेपर्यंत विझलंही.

चूक सर्वस्वी माझी. तीन आठवडे शिळ्या ओळींवर मी विश्वास ठेवला होता. चंद्रसूर्याचं गणित शतकानुशतकं पुढचं काढता येतं, कारण त्यांच्या वाटेत हवा नाही. सव्वाचारशे किलोमीटरवर मात्र हवा संपलेली नसते. अगदी विरळ, पण असते. ती स्थानकाला घासते आणि ते महिन्याला दोनेक किलोमीटर खाली येतं. सूर्यावर वादळं असली की वरची हवा तापून फुगते आणि जास्त घासते. मग मधूनमधून त्याला जोडलेल्या मालवाहू यानाची इंजिनं पेटवून ते परत उचलतात. माझ्या कागदानंतर असंच एकदा उचललं गेलं होतं.

यातली गंमत मला पहिल्यांदा समजली तेव्हा मी कितीतरी वेळ हसत होते. इंजिनं पेटवून ढकलल्यावर स्थानक लवकर यायला हवं ना? येतं उशिरा. ढकललं की ते वरच्या कक्षेत जातं, वरची कक्षा मोठी आणि तिथला वेग कमी. दोन-तीन किलोमीटर उंची वाढली की एका फेरीला तीनेक सेकंद जास्त लागतात. दिवसाला साडेपंधरा फेऱ्या, म्हणजे रोज पाऊण मिनिट. दोन आठवड्यांत दहा-अकरा मिनिटं. वहिनीच्या एसटीचा हिशेब हा असा.

म्हणून हे पंचांग रोज ताजं काढावं लागतं. दूध, वर्तमानपत्र आणि स्थानकाची वेळ, तिन्ही त्या दिवसाचीच.

०००

पंचांग चुकण्याची किंमत कधी अकरा मिनिटं असते, कधी त्याहून मोठी.

मी नऊ वर्षांची असताना, जुलै १९७९ मध्ये, आमच्या वाड्यात दोन-तीन दिवस कुणी मुलांना अंगणात खेळू देत नव्हतं. स्कायलॅब पडणार होतं. अमेरिकेचं पहिलं अंतराळ स्थानक, मे १९७३ मध्ये वर गेलेलं, सत्तरहून जास्त टनांचं. फेब्रुवारी १९७४ मध्ये शेवटचे अंतराळवीर परतल्यावर ते रिकामं फिरत होतं. ते ऐंशीच्या दशकापर्यंत टिकेल, तोवर स्पेस शटल तयार होईल आणि ते त्याला वर ढकलेल, असा हिशेब होता. सूर्य हिशेबापेक्षा जास्त खवळला, हवा फुगली, स्कायलॅब भराभर खाली आलं आणि शटल तयार नव्हतं. कुठे पडेल ते शेवटपर्यंत कुणाला नक्की सांगता येईना. ११ जुलैला, आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले असताना, ते हिंदी महासागर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियावर विखरून पडलं. तिकडे एस्परन्स गावाने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड ठोठावला. आमच्याकडे त्यानंतर वर्षभर वर्गात कुणी सायकलवरून पडला की त्याचं नाव स्कायलॅब.

तेव्हाची ती भीती मोठेपणी मला हास्यास्पद वाटायची. २०२२च्या गुढीपाडव्याला वाटेनाशी झाली.

२ एप्रिल, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश आणि मध्य प्रदेशातल्या लोकांनी आकाशात जळत्या गोळ्यांची एक रांग सरकताना पाहिली. मागे लांब शेपट्या. उल्का असती तर दोन-तीन सेकंदांत संपली असती. हे सावकाश चाललं होतं, लोकांना मोबाइल काढून चित्रण करता येईल इतकं. त्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. परिसरात पुढे धातूचे गोळेही सापडले. कुणाला इजा झाली नाही. उपग्रहांच्या नोंदी ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं की, वेळ आणि वाट जुळते ती फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या एका चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याशी. वर्षभर पृथ्वीभोवती फिरून त्याचा सांगाडा त्या संध्याकाळी खाली आला होता.

आमचे वॉचमनकाका तेव्हा रजेवर गावी होते. "पाडव्याचं जेवण झालं होतं. मले वाटलं इमान पेटलं. पन आवाज नाई काई. पोट्टे वरडत पळाले. आमची म्हातारी म्हने, देवा, आता कोनाच्या अंगावर जाते हे." त्यांनी हातानेच आकाशात तिरपी रेघ ओढून दाखवली. गच्चीवरच्या त्या पहिल्या संध्याकाळी व्हॉल्व्ह बंद करून झाल्यावरही ते रेंगाळले होते, त्याचं कारण मला तेव्हा कळलं.

अशा सांगाड्यांच्या शेवटच्या फेरीचं गणित मिनिटाने चुकलं तरी जागा साडेचारशे किलोमीटरनी चुकते. चंद्रपूरऐवजी समुद्र, समुद्राऐवजी चंद्रपूर. ज्यांनी रॉकेट उडवलं त्यांनी इंधन राखून ते ठरवून समुद्रात पाडायला हवं, एवढी किमान सभ्यता सगळ्याच देशांनी पाळायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. आत्ताच्या स्थानकाचं तरी तसं करायचं ठरलेलं आहे. २०३०च्या सुमारास त्याचं काम संपवायचं आणि खास त्यासाठी बनवलेल्या यानाने ढकलून दक्षिण प्रशांत महासागरात, जमिनीपासून सर्वांत लांबच्या भागात उतरवायचं. सव्वाचारशे टनांच्या आसपासचं धूड. २ नोव्हेंबर २००० पासून एक दिवसही रिकामं न राहिलेलं घर.

०००

शहरात दिसतं ते स्थानक आणि फार तर आणखी दोन-चार. बाकीच्यांसाठी अंधार हवा. अकोले तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत माझी मैत्रीण शिकवते. डोंगराच्या कुशीतलं गाव, रस्त्यावरचे दोन दिवे, त्यातला एक बंद. डिसेंबरात तिने मला बोलावलं. शाळेच्या पटांगणात सतरंज्यांवर पंचवीस मुलं उताणी पडली, अंगावर घोंगड्या. सूर्य मावळून पाऊण तास झाला होता. तासाभरात आम्ही सतरा उपग्रह मोजले. मी बारा मोजले, मुलांनी सतरा. मुलांचा आकडा धरला.

बहुतेक फिकट, सरळ रेषेत चालणारे, उत्तर-दक्षिण. पृथ्वीची छायाचित्रं घेणारे उपग्रह असे ध्रुवांवरून फिरतात, त्यात आपल्या कार्टोसॅटच्या जातीचेही. "आपला कुठला?" हा प्रश्न येतोच. दूरदर्शन दाखवणारे, हवामान सांगणारे आपले मोठे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, आपल्या दृष्टीने एकाच जागी ठाण मांडून असतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. मुलं हिरमुसली.

मग एक वेगळाच आला. लुकलुकणारा, पण विमानासारखा नाही. ठळक व्हायचा, नाहीसा व्हायचा, पाच आकडे मोजले की परत ठळक. एक मुलगी मोठ्याने मोजायला लागली, मग सगळ्यांनी सूर धरला. उपग्रह सोडून झाल्यावर रिकामा उरलेला रॉकेटचा टप्पा गरगरत जातो, त्याची लांब बाजू उन्हाकडे वळली की चमकतो, टोक वळलं की विझतो. असे जुने सोव्हिएत टप्पे आठशे-साडेआठशे किलोमीटरवर अजून कोलांट्या खात आहेत. माझे वडील सांगायचे की १९५७ मध्ये त्यांनी रशियाचा चंद्र पाहिला. त्यांनी पाहिला असेल तो बहुधा असाच सांगाडा. स्पुटनिक ५८ सेंटीमीटरचा गोळा, नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीणच. जगभर लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या त्याच्या मागोमाग फिरणाऱ्या रॉकेटच्या धडाला. वडिलांना हे मी कधी सांगितलं नाही.

आणि हबल! पश्चिमेकडून पूर्वेकडे, मध्यम तेजाचा, न लुकलुकता. १९९० मध्ये सोडलेली ही दुर्बीण सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवर आहे आणि तिची कक्षा विषुववृत्ताला फक्त साडेअठ्ठावीस अंश कललेली आहे. त्यामुळे ती आपल्या थेट माथ्यावरून जाते आणि लंडनवाल्याला क्षितिजावरही दिसत नाही. आपल्या अक्षांशाला मिळालेली ही एवढी एक सवलत मी प्रत्येक ठिकाणी सांगते. चिनी तियांगाँग स्थानकही आपल्याकडे छान दिसतं. आंतरराष्ट्रीय स्थानकापेक्षा फिकं, पण ओळखू येतं.

आमच्या पिढीचं एक कौतुक मात्र या मुलांना मिळणार नाही. इरिडियम नावाचे सॅटेलाइट फोनचे साठ-सत्तर उपग्रह होते. प्रत्येकाला दाराएवढे तीन चकचकीत ॲन्टेना-फलक. ते फलक आरशासारखा सूर्याचा कवडसा जमिनीवर टाकायचे आणि तो कवडसा तुमच्या अंगणातून जायचा तेव्हा आकाशात फिकट ठिपक्याचा अचानक शुक्राहून कितीतरी प्रखर झोत व्हायचा. पाच-सात सेकंद. वेळ सेकंदापर्यंत आधी माहीत असायची. २००३ मध्ये साताऱ्याच्या घराच्या ओट्यावर मी वडिलांना घड्याळ बघायला लावलं, "आता" म्हटलं आणि बोटाच्या टोकावर आकाश पेटलं. ते मला म्हणाले, "तू काय केलंस?" आयुष्यात वडिलांनी माझ्याकडे त्या नजरेने एकदाच पाहिलं. ते जुने उपग्रह २०१८-१९ पर्यंत बहुतेक खाली आणले गेले. नवे आले, पण त्यांना ते आरसे नाहीत.

त्यांच्या जागी आता स्टारलिंक. मे २०१९ मध्ये पहिले साठ एकदम सोडले गेले, आता हजारोंनी फिरतात. सोडल्यावर पहिले काही दिवस एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखे, मग इंजिनं वापरून हळूहळू वर चढून पांगतात. ती रांग दिसली की गावोगावी फोन वाजतात. मुलांनी ती पाहिली तेव्हा आरडाओरडा झाला, दिव्यांची माळ, दिव्यांची माळ! मीही बघत राहिले, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या बाजूला माझा कॅमेरा तिवईवर लावलेला होता आणि मृग नक्षत्राच्या त्या फोटोतून चार पांढरे ओरखडे गेले होते. एका कंपनीने सगळ्या जगाच्या आकाशावर रेघा ओढाव्यात आणि त्यासाठी तुम्हा-आम्हाला कुणी विचारलं नाही, हे मला खुपतं. त्यांनी उपग्रह काळपट करून पाहिले, थोडा फरक पडला. थोडाच.

शेकोटीपाशी शिक्षिका मैत्रिणीला मी केटरिंगची गोष्ट सांगितली. इंग्लंडातल्या केटरिंगच्या शाळेत जेफ्री पेरी नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. एक साधा रेडिओ संच आणि मुलांची वही घेऊन ते सोव्हिएत उपग्रहांच्या हाका ऐकत, वेळा टिपत. १९६६ मध्ये काही उपग्रहांच्या कक्षा ज्ञात तळाशी जुळेनात. नकाशावर रेघा मागे ओढत नेल्या तर त्या उत्तर रशियातल्या प्लेसेत्स्क भागात एकमेकींना छेदत होत्या. सोव्हिएत संघाने ज्या प्रक्षेपण तळाचा उच्चारही केला नव्हता, तो शाळेच्या पोरांनी शोधला. मैत्रीण थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्याकडे वह्या आहेत."

त्यांनी वही सुरू केली. वेळ, दिशा, तेज, लुकलुकला की नाही. पहिल्या पानावर सतरा ओळी. एका ओळीत तेजाच्या रकान्यात "आमच्या बल्बएवढा" असं लिहिलेलं आहे, ते मी बदलू दिलं नाही.

०००

पुण्यात परत आल्यावर लिफ्टच्या फळ्यावर मी आता फक्त त्याच दिवसाची वेळ लिहिते, तीही दुपारी चारनंतर ताजी बघून. लोक येतात, कधी पंधरा, कधी कुणीच नाही. काकू ठरलेल्या. भाऊबीजेची मंडळी अजून विश्वास ठेवायला तयार नाहीत.

परवा रात्री उशिरा गाडी लावून येताना गेटवर कुरिअरसाठी सही करायची होती. वॉचमनकाकांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर पुढे केलं. दूधवाला, गॅस, चौथ्या मजल्यावरचे पाहुणे. त्यांच्याखाली काकांच्या अक्षरात एक ओळ होती. नाव: स्टेशन. कुठून: नैऋत्य. कुणाकडे: गच्ची. आत: ७:०४. बाहेर: ७:०९. गाडी नंबरच्या रकान्यात २५५४४. सहीची जागा मोकळी.

"सही कोन करनार?" काका म्हणाले. "अन् मॅडम, उद्याचा टायम?"

"उद्या सांगते," मी म्हटलं.